मदत हवी आहे : नेपरव्हिलमधील पहिल्या शेतांच्या हद्दी
शिकागोजवळील नेपरव्हिलच्या पहिल्या शेतांचा नकाशा मुलांच्या प्रदर्शनासाठी करत असून तो सुरुवातीच्या वर्षांपाशीच अडला आहे. जोसेफ नेपर १८३१ साली ड्यूपेज नदीकाठी स्थायिक झाला, परंतु ड्यूपेज काउंटी कुक काउंटीतून वेगळी झाली ती १८३९ साली, आणि कुकचे दप्तर १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाले (नेमके आपल्याला हवे तेच!). केंद्र सरकारचे जमीनपट्टे ऑनलाइन पाहिले. त्यांत सेक्शन, टाउनशिप (मोजणीसाठी पाडलेले जमिनीचे लहान-मोठे चौकोन), एकर सारे मिळते, पण ते सरकारने जमीन विकल्यानंतरचे असल्याने त्याआधी कोणाचे कुंपण कुठवर होते ते कळत नाही. मला शनिवार-रविवारच मोकळा असल्याने कचेरीत जाणे जमत नाही. मोजणीदारांच्या मूळ वह्या किंवा वसाहतकऱ्यांचे आपापसातील हद्दीचे कागद नेपर सेटलमेंट संग्रहालयात पाहायला मिळतात का, की स्प्रिंगफील्डच्या इलिनॉय राज्य अभिलेखागारालाच लिहावे लागेल?