साइझ केलेल्या पुंगळ्या चेंबरमध्ये अडकतायत, बोल्ट बंद होत नाही – मदत हवी आहे

हिलकंट्रीकर:
मंडळी, घरी रीलोडिंग करणारं, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या परत भरणारं, इथे कोणी असेल तर पटकन सांगा. फुल लेंथ डायमधून (पूर्ण पुंगळी आवळून मापात आणणारा साचा) काढलेल्या पुंगळ्या रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, जात नाहीयेत. म्हणजे जातात, पण शेवटी बोल्टचा हँडल खाली येत नाही, तळहाताने दाबावं लागतं. सगळ्याच अशा नाहीत, काही अगदी लोण्यासारख्या बसतात आणि तेच माझ्या डोक्यात जातंय कारण डाय तीच, प्रेस तोच, सेटिंगला हात लावलेला नाही. कागदावर दिलंय तसंच केलंय, शेलहोल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकवून वर पाव आटा. इथे टेक्सासमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी डिअर सीझन उघडतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ओहायोचा_बंड्या:
कॅलिबर कोणतं, रायफल बोल्टची की सेमी ऑटो, पुंगळ्या कुठल्या, वंगण काय लावता, ट्रिम केल्यात का (लांबी कापून मापात)? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग सांगणार काय?

हिलकंट्रीकर:
३०८ विंचेस्टर. बोल्ट म्हटलं म्हणजे बोल्टचीच ना. वंगण मेणाचं, बोटाने लावतो.

सखाराम_टेक्सास:
स्मॉल बेस डाय (बुडाजवळ जास्त आवळणारी) घ्या आणि विषय संपवा. माझ्या सेमी ऑटोला त्याशिवाय चालतच नाही. साधी डाय बुडाजवळ पुरेशी आवळत नाही.

ओहायोचा_बंड्या:
सखारामदादा, त्यांची बोल्ट रायफल आहे हो. उगाच पुंगळी जास्त आवळली की पितळ लवकर मरतं. मोजमाप आल्याशिवाय डाय कशाला विकत घ्यायला लावताय?

पितळप्रेमी:
अॅनीलिंग, म्हणजे पितळ तापवून मऊ करणं, करता का? पितळ दर फायरला आणि दर साइझिंगला कडक होत जातं, कडक पितळ डायमधून बाहेर आलं की परत फुगतं. मी दर वेळी मान (पुंगळीचा तोंडाकडचा अरुंद भाग) आणि खांदा (मानेखालचा उतार) तापवून घेतो, मला हा त्रास कधीच होत नाही. फक्त बूड तापता कामा नये, ते मऊ पडलं तर धोका आहे.

भोसरी_टूलरूम:
मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, पण प्रेसवर आयुष्य गेलंय म्हणून विचारतो. सगळे पीस एकाच मालाचे आहेत का? जाडी आणि कडकपणा सारखा आहे?

गावाकडची_शेती:
हे असं घरी करायला आपल्याकडे परवानगी मिळते का? काकांकडे बारा बोअरचं लायसन्स आहे, रानडुकरांनी भुईमूग ठेवला नाही यंदा.

ओहायोचा_बंड्या:
@गावाकडची_शेती, बंदुकीचं लायसन्स वेगळं आणि काडतूस बनवणं वेगळं. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. काकांना तयार काडतुसंच घेऊ द्या. धागा टेक्सासचा आहे, तिथे स्वतःच्या वापरासाठी भरतात लोक.

हिलकंट्रीकर:
@भोसरी_टूलरूम, नाही. काही मी नव्या कोऱ्या डब्यातल्या माझ्याच रायफलीतून उडवलेल्या आहेत, बाकीच्या रेंजवर उचललेल्या, बुडावर एलसी आणि गोलात अधिक अशी खूण आहे. आता बघितलं तर अडकणाऱ्या सगळ्या त्याच आहेत!!

ओहायोचा_बंड्या:
अहो हे पहिल्या ओळीत हवं होतं. एलसी म्हणजे लेक सिटी, मिसूरीचा लष्करी कारखाना, आणि गोलातला अधिक ही नाटोची खूण. तो माल बहुतेक वेळा मशीनगनच्या ऐसपैस चेंबरमधून आलेला असतो, त्यामुळे खांदा तुमच्या चेंबरच्या मानाने पुढे गेलेला असतो. वर लष्करी पुंगळीची भिंतही जाड. कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घेणारं साधन) आहे का? माझ्या रायफलीतून उडालेली, साइझ करून बसणारी आणि साइझ करून अडकणारी, अशा तिन्ही मोजून आकडे टाका. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढून मोजा, फुगलेला प्रायमर आकडा चुकवतो.

पितळप्रेमी:
मान आतून कोरडी असेल तर एक्सपांडर (डायमधला मान आतून रुंद करणारा गोळा) वर येताना खांदा पुढे ओढतो, तेही बघा. डायमधून काढताना किंचाळल्यासारखा आवाज येतो का? स्टीलच्या पिनांनी ओलं धुतलं की मानेतली काजळी पार जाते आणि हा त्रास वाढतो. म्हणून मी कायम सुक्या टंबलरवाला (पुंगळ्या फिरत्या यंत्रात कोरड्याच साफ करणारा).

सखाराम_टेक्सास:
ओलं धुतल्यावर प्रायमर पॉकेट कसे चकाचक निघतात ते बघितलंय का कधी तुम्ही?

पितळप्रेमी:
प्रायमर पॉकेटच्या चकाकीने नेम सुधारत नाही सखारामदादा.

हिलकंट्रीकर:
धुण्याचं नंतर भांडा प्लीज. आकडे: माझ्या रायफलीतून उडालेली १.६३२ इंच, साइझ करून बसणारी १.६३०, अडकणाऱ्या १.६३५ च्या आसपास. आवाज येतो थोडा. एक्सपांडर काढून लेक सिटीच्या काही साइझ केल्या, अर्ध्या थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक पडला, बाकी तेच.

भोसरी_टूलरूम:
मग उत्तर प्रेसमध्ये आहे. रिकामा प्रेस टेकतो म्हणून भरलेला टेकेलच असं नाही. कडक किंवा जाड पीस आला की फ्रेम ताणली जाते, सांधे लोड घेतात आणि रॅम (पीस वर ढकलणारा दांडा) तेवढा खाली राहतो. आम्ही सी फ्रेमच्या प्रेसवर हे रोज बघतो, मऊ पत्र्याला सेट केलेली डाय कडक पत्र्याला कमी पडते, वर स्प्रिंगबॅक (दाब सुटल्यावर परत फुगणं) वेगळाच. पुंगळी आत असताना हँडल पूर्ण दाबून धरा आणि डायचं तोंड व शेलहोल्डर यांच्यामध्ये मागून टॉर्च मारा. उजेड दिसला तर तेवढं कमी पडतंय.

ओहायोचा_बंड्या:
+१, अगदी हेच. डाय थोडी थोडी खाली घ्या, आट्याचा सोळावा भाग वगैरे, आणि प्रत्येक वेळी मोजा. रायफलीतून उडालेल्या मापापेक्षा दोन थाऊ मागे आलात की थांबा. डोळे मिटून पूर्ण आटा फिरवू नका, खांदा फार मागे गेला की फायर करताना पुंगळी ताणली जाते आणि बुडाच्या वर फाटते. रेंजवरच्या मालात हे आधीच सुरू झालेलं असू शकतं. पेपरक्लिपचं टोक वाकवून, धार काढून आतून बुडाकडून वर ओढा, खाच लागली किंवा बाहेर चमकती रेघ दिसली तर ती पुंगळी चेपून भंगारात. आणि घट्टपणा बघताना पुंगळी रिकामीच हवी, बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढा म्हणजे हाताला खरं कळतं. भरलेल्या तर नाहीत ना यातल्या?

हिलकंट्रीकर:
काही भरून झाल्यात. त्याच दाबून लावाव्या लागत होत्या.

ओहायोचा_बंड्या:
त्या बाजूला ठेवा. बोल्टवर जोर करून जिवंत राउंड बसवायचा नाही. घट्ट अडकला तर बाहेर काढतानाच पंचाईत. बुलेट पुलरने (गोळी उपसणारं साधन) मोकळ्या करा.

नाशिकची_सई:
मी भारतातून वाचतेय. हरणं मारायला एवढा खटाटोप का करतात खरंच? दुकानात तयार मिळत नाही का?

सखाराम_टेक्सास:
ताई, तयार मिळतं. पण आपल्या रायफलीला नेमकी जुळणारी गोळी भरली की नेम सुधारतो, आणि जनावर जखमी होऊन पळत नाही. मला तरी तेच मोठं वाटतं.

हिलकंट्रीकर:
टॉर्च मारला, चक्क फट दिसली! पोस्टकार्ड आरामात जाईल एवढी, आणि माझ्याच रायफलीतून उडालेल्या पुंगळ्यांना फट शून्य. डाय खाली घेत गेलो, आता लेक सिटीच्या १.६३० ला आल्या आणि बोल्ट बोटाने बंद होतो. भोसरीवाले साहेब, मनापासून आभार, बंड्याचेही. पण काही थोड्या अजून अडतायत, आकडा बरोबर असून. मार्करने काळ्या करून लावल्या तर बुडाच्या जरा वर शाई घासून निघते.

सखाराम_टेक्सास:
बघा! त्या थोड्यांना स्मॉल बेसच लागेल. मशीनगनमध्ये बुडाला फुगलेल्या असणार.

ओहायोचा_बंड्या:
तेवढ्यांपुरतं मान्य. चार पुंगळ्यांसाठी डाय घ्यायची की त्या टाकून द्यायच्या ते धागाकर्त्यांनी ठरवावं, मी टाकून देईन. महत्त्वाचं म्हणजे या सेटिंगवर तुमच्या रायफलीतून उडालेल्या पुंगळ्या घालू नका, मऊ आहेत त्या, १.६२७ पर्यंत मागे जातील. दोन्ही माल वेगळ्या डब्यात ठेवा आणि माल बदलला की डाय परत लावा. लांबी मोजलीत का? खांदा मागे ढकलला की पितळ मानेत चढतं.

हिलकंट्रीकर:
आत्ता मोजली, लेक सिटीच्या बऱ्याच २.०१८ इंच निघाल्या.

ओहायोचा_बंड्या:
कमाल २.०१५. सगळ्या २.००५ ला ट्रिम करा, तोंडाची कड आतून बाहेरून घासा, आणि प्रायमर पॉकेटचा लष्करी क्रिंप (प्रायमर धरून ठेवणारी दाबलेली कड) काढल्याशिवाय नवा प्रायमर दाबू नका.

गावाकडची_शेती:
रानडुकरांचं कोणी सांगेल का पण?