सोलापुरातील जुन्या घराची लांबट बैठकीची खोली : ६० हजारांत काय करता येईल?

नमस्कार. आमच्या बैठकीच्या खोलीसंबंधी जाणकारांचा सल्ला हवा आहे. घर सोलापूर शहराच्या जुन्या भागात असून माझ्या आजेसासऱ्यांनी ते १९५८ मध्ये बांधले. खोली २६ फूट लांब आणि अवघी साडेदहा फूट रुंद आहे. उंचीही साधारण तेवढीच आहे. रस्त्याकडचे मुख्य दार उत्तरेच्या आखूड भिंतीत, पूर्वेच्या कोपऱ्याला लागून आहे. स्वयंपाकघराचे दार समोरच्या दक्षिण भिंतीत असले तरी ते नेमके पश्चिमेच्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे घरात येणारा प्रत्येक माणूस खोली तिरकी कापत, बसलेल्यांच्या गुडघ्यांना वळसा घालत आत जातो. पूर्वेची लांब भिंत चुलत सासऱ्यांच्या घराशी सामाईक असल्याने तिला खिडकी नाही. पश्चिमेच्या भिंतीत गजांच्या, लाकडी झडपांच्या दोन मोठ्या खिडक्या आणि छतालगत झरोके आहेत. उत्तरेपासून १५ फुटांवर एक आडवा बीम खाली आलेला दिसतो.

फरशी मोझॅकची आहे. पिवळसर जमिनीवर काळे आणि तांबडे खडे असून चारी कडांनी वीतभर काळा पट्टा आहे. चकाकी गेली आहे, पण एकही फरशी फुटलेली नाही. भिंतींना चुन्याचा गिलावा असून पश्चिमेच्या भिंतीला तळाच्या फूटभर भागात दर पावसाळ्यानंतर पोपडे धरतात.

सामान असे आहे : सहा फुटी सागवानी दिवाण, तिरक्या निमुळत्या पायांच्या चार सागवानी खुर्च्या, काचेच्या सरकत्या दारांचे एक बुटके कपाट, लोखंडी पायांचे जेवणाचे टेबल आणि पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला रेक्झिनचा अवजड सोफा. खुर्च्यांची बैठक वेताने विणलेली आहे. त्यांतल्या दोन खुर्च्यांची वीण मधोमध फाटली आहे, पण चौकटीच्या कडेने ओळीत पाडलेली भोके शाबूत आहेत आणि हाताच्या पट्टीचे टोक जिथे बोटांखाली येते तिथे लाकूड वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने इतके गुळगुळीत झाले आहे की या खुर्च्या काढून टाकायला माझे मन तयार नाही.

आजवर सोफा, खुर्च्या, कपाट असे सगळे दोन्ही लांब भिंतींना टेकवून ठेवले आहे. मधली जागा मोकळी राहते, परंतु खोली आगगाडीच्या डब्यासारखी दिसते आणि समोरासमोर बसलेल्यांखेरीज कुणाला कुणाशी बोलता येत नाही. टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर असल्याने येणारे-जाणारे त्याच्या पुढूनच जातात.

घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलांचा अभ्यास याच खोलीत, जेवणाच्या टेबलावर होतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला गावाकडचे नातेवाईक मुक्कामाला येतात, तेव्हा इथेच गाद्या पडतात, म्हणून जड आणि न हलणारे सामान नको.

एका कंत्राटदाराने पीओपीचे छत, मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल्स आणि नवा सोफासेट असा दोन लाखांपुढचा अंदाज दिला आहे. आमच्याकडे ६० हजार रुपये आहेत आणि ते ओलांडायचे नाहीत. जुन्या फरशीच्या पॉलिशला एका कारागिराने चौरस फुटाला ३५ रुपये सांगितले, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास. हा खर्च सार्थकी लागेल का, मांडणी कशी बदलावी आणि पश्चिमेच्या उन्हाचे काय करावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी अंतर्गत सजावटीचे काम करतो आणि सोलापुरातल्या अशा अनेक खोल्या पाहिल्या आहेत. आधी नको त्या गोष्टी सांगतो. पीओपीचे छत करू नका. साडेदहा फूट उंची आणि छतालगतचे झरोके आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठीच ठेवलेले असतात. गरम हवा वर चढते आणि झरोक्यांतून निघून जाते. छत खाली आणलेत आणि झरोके झाकले गेले की मे महिन्यात तीच हवा तुमच्या डोक्यावर कोंडेल. मोझॅकवर टाइल्सही बसवू नका. त्याने जमीन जवळजवळ इंचभर वर येते, मग सागवानी दारे खालून कापावी लागतात आणि स्वयंपाकघराच्या दारात नवा उंचवटा तयार होतो, जो दुखऱ्या गुडघ्यांना रोज नडेल.

पॉलिशचा खर्च अवश्य करा. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे खडे, त्यामुळे मशीनने पाणी सोडत घासले की वरचा मळका थर जातो आणि खडे पुन्हा उघडे पडतात. पुढे मात्र त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही वापरू देऊ नका, कारण आम्ल संगमरवर आणि सिमेंट दोन्ही खाते.

आता मांडणी. तुमची अडचण लांबीपेक्षा वाटेची आहे. माणसे तिरकी चालतात, कारण सरळ चालण्यासारखी वाट तुम्ही आखून दिलेली नाही. बीमच्या रेषेवर खोलीचे दोन भाग करा. पुढच्या १५ फुटांत पूर्वेच्या भिंतीलगत तीन फुटांची वाट पूर्ण मोकळी सोडा आणि बैठक पश्चिमेकडे उरलेल्या साडेसात फुटांत घ्या. दिवाण बीमखाली आडवा, उत्तरेकडे तोंड करून ठेवा. सहा फुटी दिवाण तिथे आरामात मावतो. खुर्च्या खिडक्यांखाली ठेवा आणि टीव्ही मुख्य दाराशेजारच्या उत्तर भिंतीवर न्या, म्हणजे त्याच्या पुढून कुणी जाणार नाही. दिवाणाच्या मागे तीन फूट सोडून मागच्या भागात जेवणाचे टेबल पूर्वेच्या भिंतीला लावा. आता माणूस दारातून सरळ येईल, दिवाणामागे वळेल आणि पश्चिमेच्या कडेने स्वयंपाकघरात जाईल. रेक्झिनचा सोफा विकून टाका. तुमच्या खुर्च्यांच्या निमुळत्या पायांखालून जमीन दिसते म्हणून त्या जागा अडवत नाहीत. जमिनीपर्यंत भरीव असलेला सोफा मात्र अरुंद खोलीत दुप्पट मोठा वाटतो.

लांब भिंती पांढरट ठेवा आणि दक्षिणेच्या आखूड भिंतीला एकच गडद रंग द्या, गेरू किंवा गर्द हिरवा. गडद भिंत जवळ आल्यासारखी वाटते आणि लांबी तेवढी आखडते. पोपडे धरणाऱ्या भिंतीला प्लास्टिक पेंट लावण्याचा मोह टाळा. चुन्याच्या गिलाव्यातली ओल त्या थरामागे अडकते आणि रंग फुगून सुटतो. आधी बाहेरचे पावसाचे पाणी पायथ्याशी साचते का ते पाहा आणि मग चुन्याचाच हात द्या.

खिडक्यांना आतून जाड पडदे लावण्यापेक्षा बाहेरून बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे, सोडा. ऊन खिडकीबाहेरच अडले तर उष्णता आत फारच कमी येते. आत आल्यावर पडद्याने मुख्यतः उजेडच अडतो. वाळ्याचे पडदे सुंदर असतात खरे, पण ते सतत भिजवावे लागतात आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात तो शौक परवडणारा नाही.

कापडाच्या बाबतीत सोलापूरकरांनी बाहेर पाहण्याचे कारणच नाही. पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्याच्या विक्री दुकानातून दोन चादरी आणा. आपली जकार्डची चादर दुहेरी विणीची असल्याने उलटी केली की नक्षी तीच राहते आणि रंगांची अदलाबदल होते. एकाच जोडीतली एक सुलट दिवाणावर आणि दुसरी उलट बाजूने जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावलीत, तर दोन्ही भाग एकमेकांशी जोडलेले राहतील. जमिनीवर मात्र चादर नको, ती गुळगुळीत मोझॅकवर सरकते. तिथे जाड सतरंजी घ्या.

प्रतिसाद २

वरील मांडणी चांगली आहे, परंतु दोन गोष्टी खटकल्या. त्या काळचे दिवाण आणि खुर्च्या बहुधा बुटक्या असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला १४-१५ इंचांवरून उठणे कष्टाचे जाते. दिवाणाच्या पायांखाली सुताराकडून सागवानी ठोकळे बसवून गादीसकट उंची १८-१९ इंचांपर्यंत न्यावी. दुसरे म्हणजे, टीव्ही पुढे आणि अभ्यास मागे असला तरी खोली एकच आहे, आवाज मागे जाणारच. त्यावर सजावटीत उपाय नाही, वेळा ठरवून घ्याव्या लागतील.

वेताविषयी : विणून घेतल्यावर उन्हाळ्यात अधूनमधून बैठकीच्या खालच्या बाजूने ओले फडके फिरवावे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत वेत ठिसूळ होऊन तुटतो आणि बहुतेक खुर्च्यांची वीण त्यामुळेच जाते. नायलॉनची पट्टी स्वस्त पडते, पण त्या लाकडाला ती शोभत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी सोफा अंगणात काढून दिवाण बीमखाली आडवा ठेवून पाहिला. वाट खरोखरच सरळ झाली. सासूबाईंची हरकत एवढीच की दिवाणावर बसल्यावर स्वयंपाकघराकडे पाठ होते आणि आतून कोण आले ते कळत नाही. त्यामुळे ठोकळे बसवलेली एक खुर्ची त्यांच्यासाठी खिडकीखाली, दोन्ही दारे नजरेत राहतील अशी ठेवण्याचे ठरवले आहे.

एक शंका उरते. टीव्ही हलवायचा म्हणजे वायरिंगसाठी उत्तरेची भिंत थोडी फोडावी लागेल, शिवाय जेवणाच्या टेबलावर एक लोंबता दिवाही हवा आहे. वायरिंग, फरशीची घासाई आणि रंग यांचा क्रम कसा ठेवावा?

प्रतिसाद १

आधी वायरिंग आणि भिंतींची दुरुस्ती, मग फरशीची घासाई, कारण तिचा चिखल हमखास भिंतींवर उडतो. त्यानंतर रंग, आणि शेवटचा पॉलिशचा हात रंगकाम आटोपल्यावर, हे कारागिराशी आधीच बोलून घ्या. दिवा टेबलाच्या वर अडीच फुटांवर येईल असा सोडा आणि बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर घ्या. ओल लागलेली भिंत रंगवण्याची घाई मात्र करू नका. ती उन्हाळ्यात पूर्ण सुकल्यावर रंगवा, बाकीचे काम आत्ता सुरू करायला हरकत नाही.