अनुभव धागा: अमानवी शक्तींवरच्या विश्वासाने तुम्हाला काय दिलं, काय नेलं?

भूत असतं की नसतं, हा वाद इथे नको. तो मिटायचा नाही. तुम्ही मानत होतात किंवा मानता, त्याने मनाला आधार मिळाला की घोर लागला, तेवढंच लिहा.

सुरुवात मीच करतो. बाबा गेल्यावर आई वर्षभर संध्याकाळी त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून बसायची. "आहेत ते," म्हणायची. माझ्या पोटात गोळा यायचा. मग वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरचा १९७१चा निबंध वाचनात आला. जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी तो बोलला होता. जवळपास निम्म्यांना गेलेलं माणूस आसपास असल्याचं जाणवायचं, दिसायचं किंवा ऐकू यायचं, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हणत होते?" खुर्ची हलवायचा विषय मी परत काढला नाही.

---

तुमच्या आईंचं वाचून बरं वाटलं. माझं नेमकं उलटं. कॉलेजात असताना पहाटे जाग यायची ती छातीवर कुणीतरी बसल्यासारखी. बोट हलेना, ओरडावं तर आवाज फुटेना. काहीतरी मागे लागलंय अशी खात्रीच झाली. मग झोपायचीच भीती. दिवा लावून तीन-तीनपर्यंत जागायचे. आणि जागरणाने तर हा प्रकार वाढतो! स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीर लुळं असतं, ते सुटायच्या आत मेंदू जागा झाला की असं होतं, हे फार उशिरा कळलं. अजूनही होतं कधीमधी. आता श्वास मोजत पडून राहते. विसाच्या आत सुटते.

---

माझं किरकोळ आहे. परीक्षेला एकच 'लकी' पेन. ते हातात असलं की थरथर थांबायची, खोटं का बोला? एकदा घरी राहिलं, तर पाठ असलेलं उत्तरही आठवेना.

---

धाकट्या भावाने बोलणं, जेवणं सोडलं, तेव्हा घरात 'बाहेरची बाधा' ठरली. बाधा म्हटल्यावर कुणी त्याला आळशी म्हणेना, हे त्यातल्या त्यात बरं. पण डॉक्टरकडे जायला दोन वर्षं गेली. नैराश्य निघालं. ती दोन वर्षं मला अजून खातात. आता गोळ्या चालू आहेत, हसतो-बोलतो. दंडावरचा ताईत मात्र काढू देत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या चुकवत नाही ना, मग राहू दे.