पणजीत पायी भटकलेला दिवस: तुमचा अनुभव सांगा

मांडवीकाठची:
पुण्याहून भाचीचा फोन, "मावशी, पणजी एका दिवसात होते ना गं?" आणि मला एकदम मुंबईची बोट आठवली. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, रात्रभर डेकवर सतरंजी. सकाळी मांडवीत शिरलो की आई आम्हाला उठवून कठड्यापाशी न्यायची. डावीकडे रेइश मागूशचा किल्ला, थोडं पुढे उजव्या हाताला पणजी. धक्क्यावर उतरलं की समोर जुनं सचिवालय, मूळचा आदिलशाही वाडा. शेजारी आबे फारियाचा पुतळा. पडलेल्या बाईवर हात पसरून उभा असलेला तो माणूस बघून धाकटी रडायची! संमोहनविद्येत युरोपात नाव काढलेला आपला कांदोळीचा माणूस, हे पुढे शाळेत कळलं. पणजी पायीच बघावी असं मला मनापासून वाटतं. तुम्ही कशी बघितली?

साखळीची सून:
डिसेंबरात गेलो होतो, मळा या पणजीच्या जुन्या रंगीत वस्तीत पाय ठेवायला जागा नाही. एका घराच्या पायऱ्यांवर लोक रांगेने फोटो काढत होते. आतून एक आजी भाजीची पिशवी घेऊन आली, तिला बाहेर पडता येईना. पोज देणाऱ्या मुलीला म्हणाली, "बाये, हांव हांगा रावतां गो." मुलगी ओशाळली, बाजूला झाली, आजीची पिशवी कोपऱ्यापर्यंत घेऊन गेली. रंगीत भिंतींच्या आत माणसं राहतात हो. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

बेतीकर:
फेरीबद्दल कोणीच कसं बोललं नाही?? पणजी-बेती, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. शहर बघायचं तर नदीतून बघा. १९८६ ला मांडवीचा पूल पडला तेव्हा आमच्या बाबांची नोकरी पणजीत. नदीपलीकडचा अख्खा बार्देश तालुका फेरीवर. पावसात छत्र्या एकमेकांत अडकायच्या, तरी कोणी ना कोणी बाबांचा डबा धरायचं. त्या धक्क्यावरची गर्दी मला परकी वाटत नाही.

कुडाळवाली:
@बेतीकर दादा, वाचून गलबललं. माझे काका पण तेव्हा पर्वरीला होते.
भाजी-पाव कुठे खायचा ते सांगा कोणीतरी 🙏

बेतीकर:
ताई, मार्केटच्या आसपास सकाळीच जा. सुकी भाजी आणि पातळ भाजी मिक्स सांगायची, सोबत बन, वर मिरची भजी.

आल्तिनोची पायवाट:
८ डिसेंबरला या. पणजी चर्चचं फेस्त. गर्दी असतेच, पण ती आपल्या माणसांची. खालच्या रस्त्यावर खाज्यांचे ढीग, गुळात घोळवलेली, आल्याचा झणका. आमच्या घरी पहिली पुडी महालक्ष्मीच्या देवळापाशी राहणाऱ्या आत्याकडे जायची. आणि त्या चर्चमधली घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनच्या मठातली, ते मुलांना सांगा.
ऊन झालं की मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीच्या दारात शिरा. भिंतीभर निळ्या टाइल्स, पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत. बाहेर हॉर्न, आत गार. बहुतेक लोक तिथे वळतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

कोल्हापूरहून:
त्याच दिवशी ओल्ड गोवा पण होईल का? सासूबाईंना बासिलिका बघायचीय.

मांडवीकाठची:
होईल, पण घाई होईल. साथींनी ते शहर ओस पडलं आणि १८४३ मध्ये राजधानी पणजीला आली, म्हणून दोन्ही बघण्यात अर्थ आहे. रायबंदरच्या रस्त्याने जा. तो लांब बांध १७ व्या शतकातला आहे, अजून त्याच्यावरून बस धावते. सासूबाईंना खिडकीची जागा द्या.

साखळीची सून:
आले परत. कदंब बसस्टँडवर गर्दीच्या वेळी लहान मुलाचा हात सोडू नका. आमचा एका शटलच्या रांगेत जाऊन उभा राहिलेला, कंडक्टरने हाक मारून दिला. देव भलं करो त्याचं.

कोल्हापूरहून:
आणि गाडी कुठे लावायची?

आल्तिनोची पायवाट:
पाटोला लावा. तिथून खाडीवरचा पादचारी पूल ओलांडला की मळाच. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? चर्चच्या पायऱ्या पुष्कळ आहेत, त्यांना समोरच्या बागेत बसवा.