एस्टोनियाची राजधानी टॅलिन नोमॅडांसाठी खरंच सोयीची आहे का?

मुक्ता_प: कालच्या एका धाग्यात नोमॅडांना, म्हणजे लॅपटॉपवर कुठूनही काम करत फिरणाऱ्यांना, सल्ला होता, "ई-रेसिडेन्सी काढा, लॅपटॉप उचला आणि टॅलिनला जाऊन राहा." वाचून डोकंच फिरलं. ई-रेसिडेन्सीचं कार्ड म्हणजे नुसती डिजिटल ओळख. घरबसल्या एस्टोनियात कंपनी काढा, कागदांवर सह्या करा, बस्स. त्यावर देशात राहता येत नाही. कार्ड 2014 पासून मिळतंय, तिथे राहून काम करू देणारा नोमॅड व्हिसा 2020 मध्ये आला. त्या व्हिसाला आधीच्या सहा महिन्यांचं उत्पन्न दाखवावं लागतं, दरमहा 4500 युरो. आपल्याकडच्या किती फ्रीलान्सरांना हे जमेल? लोक असले सल्ले वाचून पैसे भरतात हो.

रानवारा: अट जाचक आहे, पण त्यात शहराचा काय दोष? मी उन्हाळाभर होतो. जुन्या तटबंदीतून निघालं की तेलिस्किवी भागात चालत पोचता येतं. जुन्या कारखान्यांत आता कॅफे, स्टुडिओ, ऑफिसं आहेत. फेरीने दोन तासांत हेलसिंकी. इतकं सुटसुटीत शहर मी दुसरं पाहिलं नाही.

शमा_केळकर: उन्हाळाभर! डिसेंबरात राहून दाखवा. सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. अंधारात चालताना कोटाला परावर्तक लावावा लागतो, तसा कायदाच आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेले होते. जानेवारीत मी विनाकारण रडायचे. हे कुणी लिहीत नाही.

उत्तरेकडचा: ओस्लोतही हिवाळा तसाच असतो. दिवे लावा, दुपारी बाहेर पडा, व्हिटॅमिन डी घ्या. सवय होते.

शमा_केळकर: तुम्ही ऑफिसात माणसांत असता, म्हणून सवय होते. घरात एकटं बसून काम करणाऱ्याला विचारा. "सवय होते" हे मला तिथेही सगळे ऐकवायचे. पुरे आता.

उत्तरेकडचा: दुखवायचं नव्हतं. पण अंधाराचा बाऊ करून लोकांना घाबरवू नका, एवढंच.

मुक्ता_प: अहो, धागा व्हिसाचा आहे! बारा महिन्यांत 183 दिवस तिथे काढलेत तर तिथले कर-रहिवासी, म्हणजे करापुरते तिथलेच रहिवासी, ठरता, त्यावर कुणीच बोलत नाही.

रानवारा: बरं, ई-रेसिडेन्सीचं तुमचं खरं. शमाताईंचंही मानतो, हिवाळा मी पाहिलेला नाही. पण ज्याचं उत्पन्न बसतं त्याने मे ते सप्टेंबर जावं, यावर मी ठाम आहे.

शमा_केळकर: मे ते सप्टेंबर जा. वर्षभराचं भाडं मात्र भरून बसू नका.