अर्धवट आरपीजी कॉनला न्यावा का? माझं मत: नेऊ नये

बालाघाट (केज)

मी ऊसतोड टोळीवर एक टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून भूमिका घेत खेळायचा खेळ, लिहितोय. चार-पाच खेळाडू एका टोळीतले, जीएमकडे (खेळ चालवणाऱ्याकडे) मुकादम आणि कारखाना, दोन सहाबाजू फासे. खेळ सुरू होताना प्रत्येकानं उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घ्यायची. उचल मोठी घेतली तर सुरुवात सोपी जाते, पण हंगाम संपेपर्यंत ती अंगावर राहते.

दीड वर्षात पुण्यातल्या दोन कॉनमध्ये (खेळणाऱ्यांच्या मेळ्यांत) आणि संभाजीनगरात एका कॉलेजच्या महोत्सवात मिळून सात टेबलं चालवली. आता बास. कॉनच्या टेबलानं माझा खेळ जवळपास बिघडवला.

सातही टेबलांवर एकच झालं. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी जास्तीत जास्त उचल घेतली. घेणारच की! तीन तासांनी स्लॉट संपतो, पुढचा हंगाम कोणी बघितलाय? शेवटी अभिप्राय ठरलेला: "कर्जाचा नियम टोचत नाही." मी व्याज वाढवलं. पुढच्या कॉनला तेच ऐकलं, पुन्हा वाढवलं.

मग श्रावणात घरी बसवलं. चुलतभाऊ, वहिनी, दोन मित्र. असला खेळ चौघांपैकी कुणीच आधी खेळलेलं नव्हतं. पाच रविवार ठरवले. पहिल्या रविवारी उचल किती घ्यायची आणि कुणाच्या नावावर, यावरच अर्धा तास वाद. घेतली तीही बेतानं. तरी तिसऱ्या रविवारी टोळी मोडली, कारण मी वाढवलेलं व्याज कुणालाच फिटेना. मूळचा नियम बरोबर होता. तीन तासांच्या टेबलानं मला तो मोडायला लावला.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा आरपीजी 1974 साली छापला गेला. त्याआधी त्याच्या दोन कर्त्यांपैकी आर्नेसन मिनेसोटात आपल्या मित्रांना घेऊन ब्लॅकमूर नावाचा खेळ चालवत होते आणि गायगॅक्स लेक जिनिव्हात घरच्या टेबलावर खेळवत होते. तीच माणसं, पुन्हा पुन्हा. लांब पल्ल्याचा खेळ असाच पिकतो.

देवगिरी_जीएम (संभाजीनगर)

दादा, साफ असहमत. ते दोघं एकमेकांना भेटले कुठं? 1969 च्या जेन कॉनमध्ये. तुम्ही गोष्ट अर्धीच सांगितली.

तीन तासांच्या टेबलाला तुम्ही सहा महिन्यांच्या कर्जाचा प्रश्न विचारलात आणि उत्तर चुकलं म्हणून टेबलाला दोष देताय. कर्जच तपासायचं होतं तर टेबल हंगामाच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरू करायचं. शीट (खेळाडूच्या पात्राचा नोंदीचा कागद) आधीच भरलेली, उचल अंगावर, फिटायला थोडी उरलेली. मग तीन तासांतही टोचतं.

दुसरं, सातही टेबलांवर जीएम तुम्हीच होतात ना? मग तपासला गेला तो तुमचा सांगण्याचा हात, तुमचं पुस्तक नाही. मी माझ्या खेळाचं हस्तलिखित एका अनोळखी जीएमच्या हातात दिलं, मागं खुर्ची टाकून बसलो आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. फार अवघड जातं. अकराव्या पानावर मी "एक वेळ" लिहिलं होतं. माझ्या मनात त्याचा अर्थ एक फेरी. टेबलानं तो घड्याळातला वेळ घेतला आणि पुढचा तासभर भलताच खेळ चालला. घरचा गट सहा महिने तेच पान घेऊन खेळत होता, कुणी अडलं नाही, कारण पहिल्या दिवशीच मी त्यांना ते तोंडी सांगितलेलं. घरची माणसं पुस्तक वाचत नाहीत, तुम्हाला ऐकतात. पुस्तक विकत घेणाऱ्याबरोबर तुम्ही नसणार.

अमेरिकेत 2011 साली मेटाटोपिया नावाचा मेळा सुरू झाला, तो खास घडत असलेल्या खेळांच्या चाचण्यांसाठी. आपल्याकडे तसं काही नाही म्हणून जे टेबल मिळतंय तेही सोडायचं?

परभणीचा पाहुणा

एकच मुद्दा. फाशांचं गणित तपासायला कॉनही नको आणि वहिनीही नको. दोन फाशांत सहा किंवा कमी पडण्याची शक्यता 36 पैकी 15, एक वाढवून दिला की 36 पैकी 10. हे कागदावर होतं. एका टेबलावर तीस-चाळीस फेकी होतात, त्यावरून "फासे कडक आहेत" म्हणणाऱ्याचं ऐकून आकडे बदलू नका. टेबलाकडून माणसांचं बघायचं: पान कुठं उलटून मागं जातात, मोबाईल कधी बाहेर येतो, आपली पाळी नसताना कोण पुढं वाकून ऐकतं. "आवडला का" हे विचारूच नये. आपल्या लोकांत तोंडावर "नाही आवडला" कोण म्हणतं?

कोपीतली (धारूर)

बालाघाट, महोत्सवातल्या तुमच्या टेबलावर मी बसले होते. मध्यंतरात उठून गेले, पुन्हा आले नाही. तुमच्या वहीत "एक खेळाडू मध्येच गेली" एवढंच असेल.

माझे आई-बाबा तोडीला जायचे. मीही कोपीत, तोडीवरच्या झोपडीत, राहिलेय. टेबलाबाहेरच्या पाटीवर "भूमिका-खेळ, तीन तास" एवढंच लिहिलं होतं. ऊसतोड आहे हे बसल्यावर कळलं. शेजारच्या मुलानं लेकुरवाळ्या बाईची भूमिका घेतली आणि पोर कोपीत ठेवून फडावर जायचं हे त्यानं एका गुणासाठी केलं. पोराचं नावसुद्धा ठेवलं नाही. तो वाईट नव्हता, खेळ त्याला तेच शिकवत होता. टेबलावर एक्स-कार्ड (नको तो प्रसंग थांबवायला दाखवायचं कार्ड) नव्हतं. काय खेळणार आहोत, काय वगळायचं, हे सुरुवातीला कुणी विचारलं नाही.

पण म्हणून घरचं टेबल बरं, हेही मला पटत नाही. तुमच्या वहिनी नवऱ्यासमोर आणि दिरासमोर बसल्या होत्या. उचल कुणाच्या नावावर या वादात त्या काय बोलल्या, ते तुम्ही लिहिलंच नाही. घरात ज्याचा आवाज चालतो त्याचाच टेबलावर चालतो, आणि तुम्ही ते खेळाचं यश धरता. अनोळखी टेबलावर निदान मी उठून जाऊ शकले.

आणि नियमाची एक चूक. तुमच्या शीटवर खाडा (कामाला न आल्याचा दंड) माणसागणिक आहे. कोयता म्हणजे जोडी. बाई आजारी पडली तर खाडा जोडीला लागतो. म्हणून तर ती ताप अंगावर काढून फडात जाते. हे तुम्हाला पुण्यातही कळलं नाही आणि केजलाही नाही.

बालाघाट (केज)

ताई, वही आत्ता उघडली. तुम्ही म्हणता तेवढंच लिहिलंय. पाटीवर विषय लिहायला हवा होता, कार्ड ठेवायला हवं होतं. माझी चूक, माफ करा.

वहिनी त्या दिवशी काही बोलली नव्हती. काल विचारलं. म्हणाली, "मला विचारलं कुणी?" पुढच्या खेपेला ती तिच्या मैत्रिणींना घेऊन बसणार आहे, आम्ही भाऊ अंगणात.

खाडा जोडीवर घेतोय. त्यानं सगळी शीट बदलते, दोन खेळाडूंना एकच शीट द्यावी लागेल. बदलू दे.

देवगिरी, मुख्य मुद्द्यावर मी हटत नाही. उचलीचा नियम कॉनला तपासणार नाही, शेवटच्या आठवड्यापासूनही नाही. घेताना जो हात कापतो तो भरलेल्या शीटवर सापडत नाही. पण पुस्तक वाचून दुसऱ्याला चालवता येतं का, हे मी तपासलेलंच नाही, ते खरं. हस्तलिखित 42 पानांचं आहे. पाठवतो. तुम्ही चालवा, मी येणारसुद्धा नाही.

देवगिरी_जीएम (संभाजीनगर)

पाठवा. सोबत तोंडी निरोप, फोन काही नको, नुसती पानं. आणि कोपीतली ताई, पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही सांगाल का?

कोपीतली (धारूर)

सांगते. पण आधी पानं मलाही पाठवा.