‘सुपरदोतादा’ला इंग्रजीत काय म्हणावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

स्पेनमधल्या एका मुलीच्या मानसशास्त्रीय चाचण्यांचा अहवाल इंग्रजीत करतेय आणि ‘सुपरदोतादा’ (मुलगा असेल तर ‘सुपरदोतादो’) या स्पॅनिश शब्दापाशी दोन दिवस अडलेय. अहवाल तिच्या नव्या शाळेत जाणार आहे. तिला काय आणि कसं शिकवायचं ते त्यावरून ठरेल, त्यामुळे अंदाजपंचे काही लिहायचं नाहीये.

शब्दकोशात सरळ ‘गिफ्टेड’, म्हणजे असामान्य बुद्धीची, असं मिळतं. तेवढ्यावर भागलं असतं, पण याच अहवालात ‘आल्तास कापासिदादेस’, म्हणजे उच्च क्षमता, हाही शब्द आहे. स्पेनच्या २००६ च्या शिक्षण कायद्यातला शब्द हाच. त्याच्या पोटात सुपरदोतादो मुलं येतात, तशी एखाद्याच क्षेत्रात पुढे असलेली ‘तालेंतो’वाली मुलंही येतात. अहवालातल्या वर्गवारीत सर्जनशीलतेसकट सगळ्या क्षमता ७५ पर्सेंटाइलच्या वर असतील तरच सुपरदोतादो. नुसत्या गणितात ९५ च्या वर असेल तर तालेंतो. इंग्रजी ‘गिफ्टेड’मध्ये मात्र ही सगळीच मुलं बसतात. मग सुपरदोतादासाठी वेगळा शब्द उरतो कुठे?

‘एक्सेप्शनली गिफ्टेड’ लिहून खोडलं. इंग्रजीत या विषयावरच्या बऱ्याच लिखाणात ती बुद्ध्यांकाची ठरावीक पायरी आहे: साधारण १४५ पासून ‘हायली’, १६० पासून ‘एक्सेप्शनली’, १८० च्या पुढे ‘प्रोफाउंडली’. या मुलीचा बुद्ध्यांक १३४ आहे. शाळेने तिच्याकडून भलतीच अपेक्षा धरली तर भोगणार ती. ‘सुपरगिफ्टेड’ने तोच घोटाळा होतो, शिवाय कानालाही खटकतं. ‘दोतादो’ म्हणजे देणगी लाभलेला, त्यावरून ‘वेल एन्डाउड’ करावं तर इंग्रजीत त्याचा भलताच, शारीरिक अर्थ होतो.

सध्या आल्तास कापासिदादेसला ‘हाय अॅबिलिटी’ आणि सुपरदोतादाला ‘गिफ्टेड’ ठेवलंय. पहिल्यांदा शब्द येतो तिथे मूळ स्पॅनिश तिरप्या अक्षरांत देऊन खाली टीप जोडलीय. पण धावपळीत असलेले शिक्षक टीप वाचतील का? की व्याख्या मजकुरातच घालू?

आणखी एक. शेवटच्या पानावर आईवडिलांसाठी लिहिताना मानसशास्त्रज्ञ बाईंनीच हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत. तिथे मुळाप्रमाणे ठेवू, की आधी त्यांना विचारू? शाळेचे किंवा वैद्यकीय अहवाल भाषांतरित करणाऱ्यांनी कृपया सांगा. शुक्रवारी द्यायचंय.